सातबाऱ्यावर नाव नाही, वहिवाट मात्र चालू

माझा भाचा इंजिनिअरिंगची पदवी घेऊन चार वर्षं वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी सेटर होता. तो ज्या मशीनवर जॉब लावायचा तिच्या पाठीमागं, कूलंटच्या टाकीच्या जरा वर, एक पत्र्याची पट्टी ठोकलेली होती. तेलानं काळी पडलेली, पण अक्षरं वाचता येत होती : मेड इन तैवान. मागच्या वर्षी त्याला तैवानमधल्याच ताइचुंगला नोकरी लागली. अशी मशीनं बनवणारे कारखाने त्या शहरात गल्लोगल्ली आहेत. कंपनीनं पदवीचं प्रमाणपत्र अधिकृत शिक्क्यासह मागितलं. इथल्या एका एजंटानं ‘होऊन जाईल, टेन्शन घेऊ नका’ म्हणत पैसे घेतले आणि तीन आठवड्यांनी प्रमाणपत्राच्या मागं अपोस्टिलचा स्टिकर लावून दिला. तैवानवाल्यांनी तो कागद परत पाठवला.

एजंटाची चूक बारीक होती, पण आजचा सगळा विषय तिच्यातच आहे. अपोस्टिल म्हणजे १९६१ च्या हेग करारातला शिक्का. करारात सामील असलेल्या कुठल्याही देशानं तो मारला की बाकीचे देश कागद खरा मानतात, पुन्हा दूतावासाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. भारत यात २००५ मध्ये आला. तैवान नाही. अशा करारात शिरायचं तर आधी बाकीच्यांनी तुम्हाला देश म्हणून पंगतीत बसवावं लागतं, आणि तैवानचं घोडं नेमकं तिथंच अडलेलं आहे.

मग भाचा देवगिरीनं रात्री निघाला आणि सकाळी मुंबईत उतरला. अकराच्या सुमाराला फोन.

“मामा, इथं तैवानचा दूतावास नाहीच की ओ. तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटर असं काहीतरी आहे. नावात तैवान कुठंच नाही. बरोबर जागी आलोय ना मी?”

“बरोबर आलास. तोच दूतावास. फक्त त्याला दूतावास म्हणायचं नाही.”

“म्हणजे?”

“रांगेत उभा राहा आधी. रात्री सांगतो.”

त्या रात्री जे सांगितलं ते जरा नीट लावून इथं लिहितो.

आपल्याकडं हा विषय समजवायला सातबाऱ्याइतकं सोपं काही नाही. सातबारा म्हणजे दोन नमुने एका कागदावर. नमुना सातमध्ये जमीन कुणाच्या नावावर आहे ते, नमुना बारामध्ये त्या जमिनीत पीक काय आणि किती ते. आता असं वावर डोळ्यांपुढं आणा की जिथं पंचाहत्तर वर्षं एकच घर नांगरतंय, पेरतंय, विहिरीवर मोटर त्याचीच, बांधावरची लिंबंसुद्धा त्यानंच लावलेली. बाराच्या रकान्यात दरसाल त्याची कपाशी, त्याची तूर. पण सातवर भाऊबंद म्हणतो, माझं नाव. तैवानचं हेच आहे. वहिवाट पक्की, नाव वादात.

वहिवाट किती पक्की, तर ऐका. तैवानचं क्षेत्रफळ सुमारे ३६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या अर्ध्याहून थोडं जास्त. लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या वर. आपल्या आठ जिल्ह्यांची २०११ च्या जनगणनेत १ कोटी ८७ लाख होती. स्वतःचं चलन, स्वतःचं सैन्य, स्वतःचा पासपोर्ट आणि १९९६ पासून थेट लोकांनी निवडून दिलेला राष्ट्राध्यक्ष. देश म्हणायला काय काय लागतं हे १९३३ च्या मोंटेव्हिडिओ करारात लिहून ठेवलंय : कायमची वस्ती, ठरलेली हद्द, चालतं सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करायची कुवत. तैवानकडं चारही आहेत.

मग अडतं कुठं? अडतं ते असं की जगाला तलाठी नाही. संयुक्त राष्ट्रसंघ म्हणजे तलाठी सज्जा, असं पुष्कळांना वाटतं, पण ते खरं नव्हे. प्रत्येक देश आपापलं दप्तर ठेवतो आणि त्यात कुणाचं नाव लावायचं ते स्वतःच ठरवतो. यालाच मान्यता म्हणतात. तैवानचं नाव आपल्या दप्तरात ठेवणारे देश आता जेमतेम डझनभर उरलेत. पॅराग्वे, ग्वाटेमाला, पॅसिफिकमधली काही चिमुकली बेटं आणि व्हॅटिकन. भारत त्यात नाही, अमेरिका नाही, जपानही नाही.

भाऊबंदकी सुरू झाली १९४९ मध्ये. चीनमधलं यादवी युद्ध कम्युनिस्टांनी जिंकलं आणि चँग कै-शेक यांचं सरकार समुद्र ओलांडून तैवान बेटावर गेलं. त्याआधी १८९५ ते १९४५ हे बेट जपानकडं होतं. आता बीजिंगमध्ये एक सरकार, तैवानची राजधानी तैपेईत दुसरं, आणि मौज अशी की दोघांचाही दावा वाट्यावर नव्हता, अख्ख्या वावरावर होता. तैपेई म्हणायची सगळा चीन आमचा, बीजिंग म्हणायचं तैवानसकट सगळा चीन आमचा. त्यामुळं बाकीच्या जगाला दोघांचीही नावं लावायची सोयच उरली नाही. एक लावायचं तर दुसरं खोडायचं. भारतानं ३० डिसेंबर १९४९ ला बीजिंगचं लावलं. अमेरिका तीस वर्षं तैपेईला धरून होती, तिनं १ जानेवारी १९७९ ला बदललं. मधे २५ ऑक्टोबर १९७१ ला राष्ट्रसंघात मोठा फेरफार झाला : ठराव क्रमांक २७५८, बाजूनं ७६ मतं, विरोधात ३५. चीनची खुर्ची तैपेईकडून बीजिंगकडं गेली. भारताचं मत फेरफाराच्या बाजूनं होतं.

नाव खोडलं, पण माणसं तिथंच राहिली ना. कारखाने राहिले, बंदरं राहिली. अमेरिकेनं दूतावासाला कुलूप लावलं त्याच वर्षी संसदेत एक कायदा करून ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट इन तैवान’ काढलं. कागदोपत्री ही वॉशिंग्टनमध्ये नोंदलेली ना-नफा खासगी संस्था. तिथं बसणारे मात्र मुरलेले मुत्सद्दी. सरकारी नोकर खासगी संस्थेत कसा बसवायचा? कायद्यातच सोय केली : अधिकाऱ्यानं तेवढ्या काळापुरती सरकारी सेवा सोडायची, तिथलं काम करायचं आणि परत आल्यावर जुन्या जागी बसायचं. आपल्याकडं प्रतिनियुक्तीवर गेलेला गुरुजी असतो तसं, फक्त इथं गुरुजीनं ‘मी गुरुजी नाहीच’ असंही म्हणायचं. ही पद्धत वीसेक वर्षं चालली. जपाननं १९७२ मध्येच असा मार्ग काढला होता. त्यांच्या तैवानमधल्या संस्थेच्या जपानी नावात २०१७ पर्यंत ना जपान हा शब्द होता ना तैवान. नुसतं ‘इंटरचेंज असोसिएशन’. कसली अदलाबदल, कुणाची कुणाशी, ते ज्यानं त्यानं समजून घ्यायचं.

भारताला इथवर यायला १९९५ उजाडलं. तैपेईत आपली ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ निघाली, दिल्लीत त्यांचं ‘तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटर’. नाव ऐकून वाटावं, वर्गणी काढून स्नेहसंमेलन भरवणारं मंडळ असेल. आपल्या असोसिएशनच्या प्रमुखाला राजदूत म्हणत नाहीत, महासंचालक म्हणतात. माणूस परराष्ट्र सेवेतलाच. व्हिसा तिथूनच मिळतो. २०१२ मध्ये चेन्नईला त्यांचं दुसरं केंद्र आलं, आणि मुंबईचं, जिथं भाचा रांगेत उभा होता, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. ते सुरू झाल्यावर चीननं निषेध नोंदवला. एका सेंटरवरूनही निषेध येतो, यावरून पाटीवरचा शब्द किती जड असतो ते कळावं.

नावासाठी माणसं काय सोसतात हे मराठवाड्याला कुणी सांगायची गरज नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत वस्त्या जळल्या, माणसं गेली. शेवटी तोडगा टेकला तो एका शब्दावर : नामांतर नाही, नामविस्तार. ‘मराठवाडा’ राहिलं आणि बाबासाहेबांचं नाव लागलं. भाच्याच्या पदवीवरचं विद्यापीठाचं पूर्ण नाव त्या एका शब्दातून आलेलं आहे. मुत्सद्द्यांची हयात असेच शब्द शोधण्यात जाते, ज्यामुळं एकाला मिळतं आणि दुसऱ्याला गेलं असं म्हणावं लागत नाही.

तैवानच्या बाबतीत ‘तैपेई’ हा असाच शब्द. तैपेई हे शहर आहे, ते आहे हे बीजिंगही नाकारत नाही. शहराच्या नावानं कचेरी काढली तर देश मानला असं होत नाही. ऑलिम्पिकमध्ये त्यांचा चमू ‘चायनीज तैपेई’ म्हणून उतरतो, हे १९८१ मध्ये लोझानला ठरलं. स्वतःचा राष्ट्रध्वज नाही, राष्ट्रगीत नाही, ऑलिम्पिक समितीचा वेगळा झेंडा. टोकियोत आपली सिंधू उपांत्य फेरीत ताय त्झू-यिंगकडून हरली तेव्हा टीव्हीच्या कोपऱ्यात ‘टीपीई’ लिहिलेलं होतं, तेच ते. जागतिक व्यापार संघटनेत तर नाव इतकं लांब की लग्नपत्रिकेत बसणार नाही : ‘तैवान, पेंघू, किनमेन आणि मात्सू यांचा स्वतंत्र सीमाशुल्क प्रदेश’. २००२ पासून सदस्य. देश नाही, जकातीचा इलाखा.

आणि शब्द चुकला तर? लिथुएनिया नावाचा छोटा युरोपीय देश आहे. तिथं नोव्हेंबर २०२१ मध्ये अशीच कचेरी उघडली, पण नावात तैपेईऐवजी तैवान घातलं. फरक एवढाच. चीननं त्या देशाशी असलेले संबंध खालच्या पायरीवर आणले आणि लिथुएनियाचा माल चीनच्या बंदरांत अडकू लागला.

आता करार कसे होतात ते बघू, कारण खरी कारागिरी तिथं आहे. दोन सरकारं एकमेकांना ओळखत नाहीत म्हटल्यावर सही कोण कुणाबरोबर करणार? उत्तर : असोसिएशन आणि सेंटर. २०१८ चा गुंतवणुकीचा करार, फेब्रुवारी २०२४ चा भारतीय कामगार तिकडं पाठवण्याबाबतचा समझोता, सगळ्यांवर सह्या या दोघांच्याच. मला यातला सगळ्यात आवडता नमुना मात्र आयकराचा आहे. एकाच कमाईवर दोन्हीकडं कर लागू नये म्हणून देश आपसात करार करतात. १९६१ च्या आपल्या आयकर कायद्यात त्यासाठी कलम ९० होतं. पण ते सरकारासरकारांतल्या करारांसाठी. तैवानला बसत नाही. मग ९०-अ हे कलम घातलं गेलं, ज्यात सरकारांऐवजी ‘निर्दिष्ट असोसिएशन’ एकमेकांशी करार करतात आणि केंद्र सरकार तो स्वीकारते. २०११ मध्ये तैवानचा करार याच वाटेनं आला. दोन मंडळांनी आपसात ठरवलं आणि भारत सरकारनं आपल्या आयकर खात्याला सांगितलं, ते म्हणतात तसं वागा. ज्यानं ही पळवाट मसुद्यात बसवली त्या बाबू माणसाला मी मनातल्या मनात सलाम करतो.

काही वाचक म्हणतील, ही सरळ लबाडी झाली. मला तसं वाटत नाही. लबाडीत एकाला तरी फसवलेलं असतं. इथं दिल्लीला माहीत आहे, तैपेईला माहीत आहे, आणि बीजिंगला तर सगळ्यात आधी माहीत असतं. फसवलं कुणालाच जात नाही. फक्त प्रत्येकाला आपलं म्हणणं न सोडता काम करता येतं. गावात दोन घरांत पंधरा वर्षं बोलणं बंद असतं, पण सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि निरोप तिसऱ्याच्या पोराकडून जातो. त्या पोराला कुणी वकील म्हणत नाही.

हा प्रकार कुठल्या लांबच्या मुलखातला आहे असंही नव्हे. आपल्या आजोबांनी तो डोळ्यांनी पाहिलाय. १९४७ मध्ये इंग्रज गेले आणि निजामानं हैदराबाद स्वतंत्र राहील असं जाहीर केलं. मराठवाड्याचे तेव्हाचे पाचही जिल्हे त्याच्या ताब्यात. भारत सरकार हैदराबादला वेगळा देश मानायला तयार नव्हतं, निजाम विलीन व्हायला तयार नव्हता. २९ नोव्हेंबर १९४७ ला एका वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला आणि ठरलं की एकमेकांकडं माणूस ठेवायचा. पण त्याला म्हणायचं काय? राजदूत म्हटलं की हैदराबाद देश ठरतो. रेसिडेंट म्हटलं की निजाम मांडलिक ठरतो. मधला शब्द निघाला : एजंट-जनरल. या पदावर कन्हैयालाल मुन्शी जानेवारी १९४८ मध्ये गेले. भांडण राहायच्या जागेवरूनही झालं. इंग्रज रेसिडेंट ज्या वाड्यात राहायचा तिथं मुन्शी राहिले तर दिल्ली नवी मालकीण झाली असं दिसेल, म्हणून निजामाला ते नको होतं. शेवटी मुन्शींचं बिऱ्हाड बोलारमला भारतीय लष्कराच्या इमारतीत पडलं. पुढचं आपल्याला पाठ आहे : रझाकारांचा धुमाकूळ, १३ सप्टेंबरला फौजा शिरल्या, १७ ला निजामानं शरणागती पत्करली.

पण त्या अर्धवट नात्याची एक शेपूट सत्तर वर्षं वळवळत राहिली. याच सप्टेंबरात लंडनच्या बँकेतले निजामाचे दहा लाख पौंड पाकिस्तानच्या तिथल्या उच्चायुक्तांच्या खात्यावर वळवले गेले. निजाम म्हणाला, मी सांगितलंच नव्हतं, परत द्या. खटला उभा राहिला. १९५७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च पीठानं दावा तिथंच अडवला, कारण पाकिस्तान सार्वभौम देश आणि सार्वभौम देशाला परक्या कोर्टात खेचता येत नाही. पैसे बँकेत कुजत पडले, म्हणजे खरं तर वाढत. पाकिस्ताननं २०१३ मध्ये स्वतःच दावा लावला तेव्हा ती ढाल गळून पडली, आणि २ ऑक्टोबर २०१९ ला निकाल लागला : पैसे पाकिस्तानचे नाहीत. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. देश असणं म्हणजे झेंडा आणि गाणं एवढंच नसतं, कोर्टाच्या दारात ते असं चिलखत होतं.

१७ सप्टेंबरवरून आठवलं. आपण त्या दिवशी मुक्तिसंग्रामाचा झेंडा लावतो. बरोबर दोन वर्षांनी, १७ सप्टेंबर १९५० ला, भारतानं इस्रायलला मान्यता दिली. म्हणजे सातबाऱ्यावर नाव लावलं. आणि मग एक्केचाळीस वर्षं येणंजाणं ठेवलं नाही. तैवानच्या नेमकं उलटं. मान्यता वेगळी आणि राजनैतिक संबंध वेगळे, हे इथं स्वच्छ दिसतं. बरेच पत्रकारसुद्धा यात गल्लत करतात. अरब देशांशी नातं, तेल, काश्मीरवर राष्ट्रसंघातली मतं, अशा कारणांनी दिल्लीत इस्रायलचा दूतावास नव्हता. मुंबईत फक्त कॉन्सुलेट होतं. फरक सेतू केंद्राची खिडकी आणि कलेक्टरची केबिन एवढा. खिडकीवर तुमचा दाखला निघतो, धोरणाचं बोलायचं तर केबिनमध्ये जावं लागतं, आणि केबिनच नव्हती. १९८२ मध्ये तर वर्तमानपत्राला दिलेल्या एका मुलाखतीवरून इस्रायली कॉन्सुलला देश सोडायला लावला.

तरीही निरोप चालू होते. १९७७ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुपचूप भारतात येऊन पंतप्रधान मोरारजी देसाईंना भेटले. आता हा माणूस असा की डाव्या डोळ्यावरच्या काळ्या पट्टीमुळं जगातलं शेंबडं पोरही त्याला ओळखेल. असा पाहुणा लपवून आणणं म्हणजे हत्ती धोतराखाली झाकण्यापैकी. पण झाकला. २९ जानेवारी १९९२ ला रीतसर संबंध जुळले आणि आज आपल्या हिमायतबागेत कृषी विद्यापीठाच्या केंद्रावर केशर आंब्याचं इस्रायलच्या मदतीचं काम चालतं, त्यात कुणाला नवल वाटत नाही.

तिसरी तऱ्हा अफगाणिस्तानची. तिथं देशाला मान्यता आहे, पण काबूलमध्ये बसलेल्या सरकारला नाही. २०२१ मध्ये तालिबान आलं, आपण दूतावासातली माणसं परत आणली. जून २०२२ मध्ये ‘तांत्रिक पथक’ पाठवलं. दूतावास नाही, पथक. जणू महावितरणचा वायरमन ट्रान्सफॉर्मर बघायला गेलाय. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले आणि पथकाचा पुन्हा दूतावास झाला. तालिबान सरकारला मान्यता मात्र तेव्हाही दिली नाही. म्हणजे इस्रायलबाबत नाव होतं पण केबिन नव्हती, तैवानबाबत नाव नाही पण खिडकी आहे, आणि इथं केबिन आहे पण केबिनमधल्या साहेबाला साहेब म्हणायचं नाही.

ज्यांचं पूर्णच वाजलंय ते शेजाऱ्याला मधे घालतात. अमेरिका आणि इराण यांचे संबंध १९८० मध्ये तुटले तेव्हापासून तेहरानमध्ये अमेरिकेचं काम स्वित्झर्लंड बघतं. वॉशिंग्टनमध्ये इराणचं काम आधी अल्जीरिया बघायचं, १९९२ पासून पाकिस्तान. १९६१ च्या व्हिएन्ना करारात याची तरतूदच आहे.

कागदावरची करामत स्टेपलरनंही होते. चीननं २००९ च्या सुमारास जम्मू-काश्मीरच्या लोकांना पासपोर्टवर शिक्का न मारता सुट्या कागदावर व्हिसा द्यायला सुरुवात केली. कागद पासपोर्टला टाचणीनं जोडलेला, काढला की खूण नाही. अर्थ असा की हा प्रदेश भारताचा आहे असं आम्ही लिहून देत नाही. अरुणाचलच्या लोकांनाही तेच. २०२३ च्या जुलैमध्ये अरुणाचलच्या वुशू (चिनी युद्धकला) खेळाडूंना चीनमधल्या चेंगडूच्या स्पर्धेसाठी असे व्हिसे दिले, तर भारतानं अख्खा वुशू संघच पाठवला नाही. एका पिनेवरून. दिल्ली चीनला त्याच भाषेत उत्तर देते. पूर्वी चीनसोबतच्या संयुक्त निवेदनांत भारत ‘एकच चीन’ हे धोरण उच्चारायचा. २०१० नंतर तो उच्चार थांबला. धोरण सोडलं असंही नाही, म्हणतो असंही नाही.

व्यवहार मात्र थांबत नाही. २०२२ मध्ये तळेगावला येणारा वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातला गेला तेव्हा महाराष्ट्रात चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. फॉक्सकॉन तैवानची. त्या सगळ्या कल्लोळात एकाही पुढाऱ्यानं ‘पण त्या देशाला तर आपण मानतच नाही’ असं म्हटल्याचं मला आठवत नाही. पुढं ती जोडी २०२३ मध्ये फुटली. आता धोलेऱ्याला टाटा आणि तैवानची पॉवरचिप मिळून ९१ हजार कोटींचा चिपचा कारखाना उभारताहेत. फॉक्सकॉनचे अध्यक्ष यंग लिऊ यांना तर २०२४ मध्ये पद्मभूषण दिलं. सरकारला ओळख दाखवायची नाही, उद्योगपतीच्या छातीवर पदक लावायला हरकत नाही.

न होणाऱ्या गोष्टीही आहेत. तैवानचे राष्ट्राध्यक्ष दिल्लीला रीतसर येऊ शकत नाहीत. अमेरिकेतही ते ‘पाहुणे’ नसतात. पॅराग्वेकडं जाताना विमान बदलायला उतरतात आणि विमान बदलता बदलता दोन दिवस मुक्काम आणि चार जेवणं होतात. २०२० मध्ये तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष त्साय इंग-वेन यांच्या शपथविधीला आपले दोन खासदार हजर राहिले, पण व्हिडिओवरून. जून २०२४ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी मोदींचं एक्सवर अभिनंदन केलं, मोदींनी तिथंच आभार मानले, आणि चीननं त्यालाही हरकत घेतली. साध्या माणसाला याची झळ वेगळ्या जागी लागते. ज्या करारांत शंभर-सव्वाशे देश एकत्र आहेत, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी तैवान नसतं, त्यामुळं प्रत्येक बारीक कामाला वेगळा समझोता, वेगळा शिक्का. एजंटाला हे ठाऊक असायला हवं होतं. त्यानं पैसे काही परत केले नाहीत.

भाच्याचं काम पुढं झालं. कागदावर सेंटरचा शिक्का बसला, काही दिवसांनी व्हिसाही आला. जायच्या आदल्या दिवशी त्यानं पासपोर्ट माझ्या हातात दिला. मी चष्मा लावून बघितलं. बाहेरच्या पाटीवर नुसतं तैपेई, कल्चरल वगैरे. आत व्हिसाच्या स्टिकरवर मात्र ठसठशीत अक्षरात छापलेलं होतं, ‘रिपब्लिक ऑफ चायना’, आणि शेजारी कंसात तैवान. १९४९ मध्ये आपण आपल्या दप्तरातून ज्याचं नाव खोडलं तेच ते.

विमानतळावरून त्याचा फोन आला तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, इमिग्रेशनवाला काही म्हणाला का?

“काही नाही मामा. व्हिसा बघितला, किती दिवसांसाठी चाललास म्हणून विचारलं आणि शिक्का मारला.”